दीर्घकाळ उभ्या मोटारीची धूरतपासणी

अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींत प्रदूषण-नियंत्रक यंत्रणेचे परीक्षण करणारा संगणक असतो. दीर्घकाळ उभ्या मोटारीची बॅटरी उतरल्यास अथवा तिची तार काढल्यास या परीक्षणांची नोंद पुसली जाते. मग निर्दोष मोटारही कॅलिफोर्नियातील तपासणीत अनुत्तीर्ण ठरून तिच्या नोंदणीचे नूतनीकरण अडू शकते. तेथे २००० व नंतरच्या पेट्रोल मोटारींना केवळ इंधनबाष्पाचे परीक्षण अपूर्ण असल्यास सवलत मिळते.

उपाय सोपा, पण सबुरीचा आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करावी. टाकी साधारण अर्धी भरलेली असावी. मोटार रात्रभर थंड होऊ द्यावी. नंतर काही दिवस शहरात व महामार्गावर नेहमीप्रमाणे चालवावी. दरम्यान बॅटरीची तार पुन्हा काढू नये. अन्यथा सारे परीक्षण नव्याने सुरू होते.