मालवणच्या उकाड्यात अ‍ॅक्सोलॉटलची पिल्लं?
अ‍ॅक्सोलॉटल हा पाण्यात राहणारा सॅलमँडर, मूळचा मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोचा. त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी मानवतं. मालवणात मे महिन्यात घरातलं पाणी सहज ३० च्या आसपास जातं. म्हणून आधी चिलर, मग टाकी. तो खर्च झेपत नसेल तर बेतच सोडा. लाईट गेल्यावर काय, तेही ठरवून ठेवा (पावसाळ्यात ती जातेच!).

पिल्लांना तळाशी खडे किंवा वाळू नको. गिळली की आतडं तुंबतं. भावंडं एकमेकांचे पाय तोडतात. पाय पुन्हा उगवतात खरे, तरी प्रत्येकाला वेगळा डबा द्या, पाणी रोज बदला. मोठ्या टाकीत अमोनिया शून्य झाल्याशिवाय सोडू नका.

साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला प्राणी असल्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही लागते. आणि कंटाळलात तरी व्हाळात नाही सोडायचा!