खाऱ्या वाळूतील सोने : समुद्रकाठी वापरावयाच्या धातुशोधकाची निवड

जबलपूरच्या कांचघर वस्तीपासून नर्मदेचा ग्वारीघाट काही मैलांवर आहे. भाविक लोक नदीत नाणी वाहतात, आणि नद्यांच्या घाटांवर दोरीला लोहचुंबक बांधून ती नाणी वर काढणारी मुले पुष्कळांनी पाहिली असतील. १९९२ पासून एक रुपयाचे नाणे चुंबकास चिकटणाऱ्या पोलादाचे निघू लागले, म्हणून ही युक्ती साधते. परंतु त्याच घाटावर स्नान करताना कोणाच्या बोटातील सोन्याची अंगठी निसटली, तर चुंबकाचा काही उपयोग होत नाही. सोने चुंबकाला दाद देत नाही. अशा वेळी धातुशोधक यंत्र उपयोगी पडते. नदीच्या गोड्या पाण्यात अगदी साधे, स्वस्त यंत्रही आपले काम बऱ्यापैकी करते.

आता तेच यंत्र घेऊन कांचघरचा एखादा रहिवासी सुटीत कोकणात, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर उतरला, असे समजू. कोरड्या वाळूत यंत्र पूर्वीप्रमाणेच चालेल. ओल्या वाळूवर पाऊल पडताच ते कुरकुरू लागेल. आणि लाटेत त्याची थाळी बुडताच ते एकसारखे ओरडत सुटेल. यंत्र बिघडले असे त्याला वाटेल. वास्तविक ते बिघडलेले नसते. विजेचा प्रवाह वाहून नेणारी एक प्रचंड वस्तू खाली आहे, असे ते सांगत असते आणि ते खरेच असते. ती वस्तू म्हणजे समुद्र होय.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी यंत्राचे तत्त्व पाहिले पाहिजे. थाळीमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट दिशांनी झपाट्याने बदलणारा प्रवाह सोडला, की भोवती तसेच बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूचा तुकडा आला, की त्याच्या अंगात पाण्यातील भोवऱ्यांप्रमाणे फिरणारे प्रवाह उत्पन्न होतात. हे भोवरा-प्रवाह स्वतःचे एक दुबळे चुंबकीय क्षेत्र उभे करतात, आणि दुसरे वेटोळे ते टिपते. मायकेल फॅरडे याने १८३१ साली शोधून काढलेल्या विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनाचाच हा एक उपयोग आहे. काच, लाकूड, कोरडी वाळू यांतून प्रवाह वाहत नसल्यामुळे यंत्र त्यांच्याविषयी मौन पाळते. कांचघर या नावातच जी काच आहे, तिचा एखादा धारदार तुकडा वाळूत दडलेला असला, तर यंत्र तशी सूचना देणार नाही. उकरताना हाताने नव्हे, जाळीदार पावड्याने उकरावे ते यासाठीच.

भोवतालच्या वस्तूने यंत्राला फसवावे, ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी गोळी झाडण्यात आली. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी प्रवर्तनाच्या तत्त्वावर चालणारे एक उपकरण घाईने सिद्ध केले. प्रयोगशाळेत ते चोख चालले. रुग्णशय्येपाशी मात्र गोंधळले. गादीतील पोलादी तारा हे या गोंधळाचे एक कारण मानले जाते. शिवाय ज्या बाजूस गोळी असल्याचा वैद्यांचा समज होता तीच बाजू बेल यांना तपासू देण्यात आली, आणि गोळी तेथे नव्हतीच. गारफील्ड १९ सप्टेंबर रोजी निवर्तले. पुढे गेऱ्हार्ड फिशर या अभियंत्याने १९३७ साली अमेरिकेत हाती नेता येण्याजोग्या धातुशोधकाचे एकस्व मिळविले, आणि दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या योझेफ कोसात्स्की याने रचलेल्या सुरुंगशोधकाचा १९४२ साली अल्‌ अलामेनच्या रणांगणावर उपयोग झाला. समुद्रकाठच्या शोधकापुढील अडचण मात्र बेल यांच्यासारखीच आहे. फरक इतकाच, की त्याची गादी क्षितिजापर्यंत पसरलेली असते.

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांच्यामुळे या पाण्याची वीज वाहून नेण्याची शक्ती नदीच्या पाण्याच्या शंभराहून अधिक पटींनी वाढते. तांब्याच्या तुलनेने ती सुमारे एक कोटीव्या हिश्शाइतकीच भरते, हे खरे. परंतु अंगठी गुंजभर आणि पाणी अथांग, अशी स्थिती असल्याने दुबळ्या पाण्याचा एकूण आवाज सोन्यावर मात करतो. त्यातही पंचाईत अशी, की पाण्याच्या प्रतिसादाचे स्वरूप तांब्याच्या जाड नाण्यासारखे नसून सोन्याच्या बारीक दागिन्यासारखे असते. म्हणून यंत्राची कळ फिरवून समुद्राचा आवाज बंद केला, की बारीक सोन्याचाही आवाज त्याबरोबर बंद होतो. खाऱ्या पाण्यासाठी यंत्र निवडताना जो पेच सोडवावयाचा असतो तो हाच होय. किंमत, वजन, पडद्यावरील आकडे या गोष्टी त्यानंतरच्या.

कोकणात या पेचास आणखी एक गाठ बसते. रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंड, नेवरे, काळबादेवी या भागांतील किनाऱ्यांवर काळ्या वाळूचे थर आढळतात. सह्याद्रीचा काळा खडक झिजून नद्यांनी आणलेली ही वाळू आहे; तीत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजे असतात. खनिजे चुंबकत्वामुळे यंत्रास चाळवतात, खारे पाणी वाहकतेमुळे. एकाच कंप्रतेवर, म्हणजे प्रवाहाच्या दिशाबदलाच्या एकाच ठरावीक वेगावर, चालणारे यंत्र यांपैकी एका उपद्रवाशी जुळवून घेऊ शकते, दोहोंशी एकदम नव्हे. मालवणनजीक तारकर्लीसारख्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर एकच कळ खाऱ्या पाण्याशी जुळवून एक-कंप्रतेच्या यंत्रावर निभावता येते. ओल्या काळ्या वाळूवर मात्र ते यंत्र विकत घेतलेला मनुष्य पस्तावतो.

यावर दोन उपाय निघाले आहेत. पहिला उपाय एकाच वेळी दोन किंवा अधिक कंप्रतांवर काम करणाऱ्या यंत्रांचा. वेग वाढविला की खाऱ्या पाण्याचा आवाज वाढतो. काळ्या वाळूचा जवळपास तसाच राहतो. तेव्हा सेकंदास पाच हजार आणि पंधरा हजार अशा दोन कंप्रतांवरील उत्तरे ताडून पाहिली, तर कोणता भाग पाण्याचा, कोणता वाळूचा आणि उरलेला कोणता धातूचा, हे गणिताने वेगळे काढता येते. अशी यंत्रे १९९० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आली आणि समुद्रकाठच्या शोधाची रीतच पालटली. लोखंड कोणते आणि अन्य धातू कोणता, हेही ती बऱ्याच अंशी सांगतात. ज्या किनाऱ्यावर सहलीची गर्दी होते आणि शीतपेयांची झाकणे, खिळे, केसांच्या पिना यांचा सडा पडलेला असतो, तेथे हा गुण बहुमोल ठरतो.

दुसरा उपाय स्पंद-यंत्राचा. ही यंत्रे अखंड प्रवाह न सोडता प्रवाहाचा एक जोरदार ठोका देतात, तो एकाएकी तोडतात आणि क्षणभर थांबून मग ऐकतात. हा क्षण म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागांपैकी दहा-पंधरा भाग. तेवढ्या अवधीत समुद्रातील भोवरे बहुतांशी विरून गेलेले असतात. अंगठीतील भोवरे अजून फिरत असतात. घंटा वाजवून गलका शमेपर्यंत थांबावे आणि मग तिचा लांबलेला नाद ऐकावा, तसा हा प्रकार. या यंत्रांना क्षाराचा आणि काळ्या वाळूचा उपद्रव फार कमी होतो, व ती खोलवर पोहोचतात. त्यांचा दोष असा, की लोखंड आणि सोने यांतील भेद त्यांना नीट सांगता येत नाही. दहा वेळा उकरावे आणि नऊ वेळा खिळा हाती यावा, अशी तयारी असेल त्यानेच या वाटेला जावे.

हरवलेली वस्तू कोणती, याचाही विचार येथे करावा लागतो. अंगठी हे सोन्याचे अखंड कडे असल्यामुळे तीत भोवरा-प्रवाह मोकळेपणाने फिरतो. मंगळसूत्राच्या वाट्याही बऱ्यापैकी उत्तर देतात. परंतु नाजूक साखळी ही शेकडो चिमुकल्या कड्यांची असते. यंत्राच्या दृष्टीने ती एक वस्तू नव्हेच, तर शेकडो कणांची रांग आहे. प्रत्येक कणातील भोवरा खाऱ्या पाण्यातील भोवऱ्याइतक्याच त्वरेने विरतो. म्हणून साखळी वजनाने अंगठीपेक्षा भारी असली, तरीही ओल्या वाळूत बहुधा सापडत नाही. सापडलीच तर तिच्या आकड्यामुळे किंवा पदकामुळे सापडते. विक्रेता काहीही सांगो, ग्राहकाने ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

बांधणीविषयी थोडक्यात सांगता येईल. केवळ थाळी जलाभेद्य असणे आणि संपूर्ण यंत्र तसे असणे यांत मोठे अंतर आहे. लाटेत उतरावयाचे असेल तर दुसरेच हवे. थाळी आठ ते अकरा इंच रुंदीची पुरे. याहून मोठी थाळी अधिक पाण्याचा आवाज गोळा करते आणि लाटेत हाताला ओढ देते. लाटांच्या घोषात बारीक स्वर कानी पडावा म्हणून श्रवणयंत्र कानावर घट्ट बसणारे असावे. घरी येताच सर्व सामग्री गोड्या पाण्याने धुवावी.

शोध ओहोटीच्या वेळी करावा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत दूर हटते. पावसाळ्यातील लाटा किनाऱ्याची वाळू खेचून नेतात आणि ती पुढे हळूहळू परत येते. पावसाळा सरता-सरता, वाळूचा थर पातळ असताना, खाली गेलेल्या जड वस्तू थाळीच्या टप्प्यात येतात. हा टप्पा अंगठीपुरता साधारण एक वीत, उत्तम यंत्रास काहीसा अधिक.

सापडलेले सोने सापडणाऱ्याचे, ही समजूत चुकीची आहे. हरवलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर १८७२ च्या करारविषयक कायद्याने ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी टाकली आहे. जमिनीत दडविलेले व दहा रुपयांहून अधिक मूल्याचे धन आढळल्यास १८७८ च्या निखात-निधी कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. कोकणच्या किनारपट्टीत असे धन केवळ कथेतच असते असे नाही. रायगड जिल्ह्यातील दिवेआगर येथे १९९७ साली सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याच्या पेटीतून गणपतीचा सुवर्ण मुखवटा निघाला होता. तेथे यंत्र नव्हते, साधी कुदळच होती. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांसारख्या संरक्षित किल्ल्यांच्या हद्दीत तर अनुमतीवाचून खणणेच निषिद्ध आहे.

यंत्राची खरी परीक्षा दुकानाच्या मेजावर होत नाही. तेथे सर्वच यंत्रे गुणी ठरतात. शक्य असल्यास पैसे मोजण्यापूर्वी ते किनाऱ्यावर न्यावे. एका जुन्या अंगठीस लांब व मजबूत दोरा बांधून ती प्रथम कोरड्या वाळूत, नंतर ओल्या वाळूत आणि शेवटी घोटाभर पाण्याखाली, दर वेळी चार, सहा व आठ इंचांवर पुरावी. थाळी वाळूला समांतर ठेवून फिरवावी. नंतर मुद्दाम वर-खाली करून पाहावी. काही पुरलेले नसताना थाळी वर-खाली करताच यंत्र ओरडले, तर ते अद्याप समुद्रच ऐकत आहे. ते शांत राहिले, आणि सहा इंचांवरील अंगठीस दोन्ही दिशांनी फिरविताना सारखाच स्वर दिला, तर ते घेण्यास हरकत नाही. मात्र दोऱ्याचे दुसरे टोक सारा वेळ मनगटास बांधलेले असावे.