तारामासा जेलीफिशचा भाऊबंद नाही

प्राण्यांचं वर्गीकरण शिकताना सममितीचे तीन कप्पे पाठ होतात: असममित, अरीय आणि द्विपार्श्व. कप्पे उपयोगाचे आहेत, पण त्यांवरून नातीगोती ठरवायला गेलं की घोटाळे होतात.

सगळ्यात मोठा घोटाळा तारामाशाचा. मधोमध तोंड, भोवती पाच बाहू. म्हणजे अरीय सममिती, म्हणून तो जेलीफिशचा जवळचा, असं सहज वाटतं. जॉर्ज क्यूव्हिए यांनीही १८१७ साली दोघांना एकाच गटात बसवलं होतं. वस्तुस्थिती उलट आहे. तारामाशाची अळी पाण्यात पोहते तेव्हा तिला स्पष्ट डावी-उजवी बाजू असते. रूपांतरणाच्या वेळी डाव्या अंगातल्या एका पोकळीला पाच उंचवटे फुटतात आणि तिथून पाच बाहूंचा आराखडा आकार घेतो. म्हणजे ही अरीय सममिती मागाहून आलेली आहे. तारामासा ज्या गटात मोडतो त्या कंटकचर्मी प्राण्यांचं खरं नातं आपल्याशी, पृष्ठवंशीयांशी आहे: भ्रूणात पहिलं छिद्र उमटतं ते दोघांतही गुदद्वाराच्या बाजूला जातं, तोंड नंतर तयार होतं. जनुकांचा पुरावाही हेच सांगतो. २०२३ साली ‘नेचर’मध्ये आलेलं संशोधन तर थक्क करणारं आहे. इतर प्राण्यांत डोकं घडवणारी जनुकं तारामाशाच्या त्वचेत अंगभर सक्रिय दिसली, धडाची जवळजवळ नाहीतच.

प्रौढ तारामासाही काटेकोरपणे अरीय नसतो. त्याची पाठ नीट पाहा. दोन बाहूंच्या बेचक्यापाशी, मध्यापासून जरा बाजूला, बारीक छिद्रांची एक चकती दिसते. बहुतेक जातींत ती एकच असते.

असममितीचं उदाहरण म्हणून अमीबा सांगितला जातो. पण व्हिटाकर यांच्या १९६९च्या पंचसृष्टी पद्धतीत अमीबा प्राण्यांत मोडतच नाही. त्याऐवजी स्पंज सांगावा, तोही सगळा नव्हे. सायकॉनसारखे फुलदाणीच्या घाटाचे स्पंज अरीय असतात.

आणि द्विपार्श्व म्हणजे दोन्ही अंगं तंतोतंत सारखी, हेही खरं नाही. आपलं यकृत उजवीकडे, जठर डावीकडे. कोकणच्या मासळीबाजारातला लेपा घ्या: दोन्ही डोळे एकाच अंगाला. त्याच्या पिल्लाचे डोळे मात्र इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात. वाढताना एक डोळा डोक्यावरून सरकत पलीकडे जातो आणि मासा त्या रिकाम्या कुशीवर वाळूत पडून राहू लागतो.