सरीतले पाणी टोकाला का पोचत नाही?



रात्रीची पाळी आली म्हणजे दारे धरणारा खोरे घेऊन सरीच्या तोंडाशी उभा राहतो. पहिली वीस पावले पाणी कसे धावत जाते! पुढे त्याची चाल मंदावते, आणि टोकाकडे तर ते मुंगीच्या पावलांनी सरकते. पाटातली धार तर तेवढीच असते. मग ही चाल हरवते कुठे?

असे पाहा. पाणी पुढे गेले म्हणून मागची माती पाणी प्यायची थांबत नाही. पाणी दहाव्या पावलावर असते तेव्हा दहा पावले जमीन पीत असते. साठाव्या पावलावर गेले की साठ पावले. पिऊन जे उरेल तेवढेच पुढे सरकायचे.

त्यात सरीचा तळ उंचसखल असला तर विचारूच नका. दहा फूट लांब, एक फूट रुंद, तीन इंच खोल असा एक खळगा धरा. तो भरायला सुमारे ७० लिटर पाणी लागते. सेकंदाला एक लिटर धार असली तर मिनिटाहून अधिक वेळ पाणी तिथेच घुटमळणार. मुरेल ते वेगळेच. खळगा भरून पाणी पुढच्या उंचवट्यावर चढेल, तेव्हा कुठे ते हलेल. दारे मोडल्यावरही खळग्यातला ऊस पाण्यात उभा, आणि उंचवट्यावरचा तहानलेला!

मग आपण काय करतो? टोक भिजेपर्यंत पाणी चालूच ठेवतो. तोंडाकडचे जादा पाणी मुळांखाली उतरते, जमिनीतली पाण्याची पातळी चढते आणि तिच्याबरोबर क्षार वर येतात. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. १९१० साली डॉ. हॅरॉल्ड मान यांना सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहावी लागली. अवघ्या पंचवीस वर्षांत!

गुरुजींनी शाळेच्या आवारात एक सरी काढावी, पाच-पाच पावलांवर खुंट्या ठोकाव्यात, एकसारखी धार सोडावी आणि प्रत्येक खुंटीशी घड्याळ पाहून वेळ मुलांकडून लिहून घ्यावी. शेजारच्या कोरड्या सरीत मध्येच एक खळगा करून पुन्हा पाहावे. मग पहिल्याच सरीत, पाणी जिरल्यावर, दुसऱ्यांदा पाणी सोडावे. या खेपेला ते बहुधा लवकर पोचते, कारण भिजून बसलेली माती कमी पिते. याच गोष्टीचा उपयोग करून अमेरिकेतल्या युटा येथील अभियंत्यांनी १९७० नंतरच्या दशकात थांबून थांबून पाणी देण्याची पद्धत बसवली.

आपल्याला यंत्राची वाट पाहायला नको. लागणीपूर्वी सरीचा तळ एकसारखा करा, सरी फार लांब ठेवू नका. जितका वेळ पाणी मुरायला हवे, त्याच्या साधारण पाव वेळात ते टोकाला जावे, असा ठोकताळा आहे. त्यासाठी सुरुवातीला माती वाहून जाणार नाही इतपत मोठी धार सोडा. टोक गाठले की तीच धार दोन सऱ्यांत वाटून द्या.