काहीच न करणारी सूचना

रसायनीत कारखान्यांचं भंगार निघतं तेव्हा लोखंडाबरोबर कधीकधी संगणकही निघतात. मोहोपाड्यात मित्राच्या दुरुस्तीच्या दुकानात आलेला थिन क्लायंट, म्हणजे सर्व्हरच्या भरवशावर चालणारा छोटा संगणक, त्यातलाच. एएमडीचा जिओड एलएक्स प्रोसेसर, 500 मेगाहर्ट्‌झ, 256 एमबी रॅम, पंखा नाही. 2007 साली रायगडातल्याच खैराट गावच्या शाळेतल्या मुलांना हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मिळाले, त्यांच्यातही याच जातीचा प्रोसेसर होता.

डेबियन या लिनक्स प्रणालीचं 11वं व्हर्जन त्यावर विनातक्रार चढलं. 12वं मात्र अडलं. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, उठला, डिस्क ओळखली आणि पहिलाच प्रोग्रॅम सुरू होताच सगळं ठप्प. पडद्यावर कर्नल पॅनिक, एक्झिटकोड 4. चार म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना.

गंमत अशी, की अडलेली सूचना ‘लाँग नॉप’ घराण्यातली, म्हणजे ‘काही करू नकोस’ सांगणारी! कंपायलर मशीन कोडमधली मोकळी जागा भरायला नॉप पेरतो. साधा नॉप एका बाइटचा, तो जिओडला येतो. अनेक बाइटांचा लांब नॉप येत नाही. जून 2023च्या डेबियन 12ने 32-बिट यंत्रांना नेमका तोच सक्तीचा केला. लिनक्स 1991 साली ज्या 386 प्रोसेसरवर जन्मला, त्या 386लाही 2012च्या डिसेंबरात कर्नलमधून काढून टाकलंच होतं. जिओड कोण लागून गेला?

पण सोर्स कोड उघडा आहे. मित्राच्या लॅपटॉपवर बिल्डरूट हे सोर्सपासून छोटी लिनक्स प्रणाली बांधणारं साधन उतरवलं, प्रोसेसरच्या यादीत ‘जिओड’ निवडलं आणि ‘मेक’ हा बांधणीचा आदेश दिला. आधी कंपायलर स्वतःच तयार होतो, मग सी लायब्ररी, मग कर्नल आणि बिझीबॉक्स हा छोट्या आज्ञांचा संच. पावसाळ्यात इथे वीज कधी जाईल सांगता येत नाही, पण मेक झालेलं काम पुन्हा करत बसत नाही. मित्राने तयार फायली ऑब्जडंप या साधनाने उलगडल्या आणि त्यांत लांब नॉप शोधला. एकही निघाला नाही, तेव्हाच त्याने त्या फायलींचं मेमरी कार्ड यंत्रात घातलं. या खेपेला लॉगिन आलं.

हौस म्हणून हे झकास. रोजच्या कामाला मात्र महाग, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या यापुढे स्वतःच कंपाइल करत राहायच्या. ऑगस्ट 2025च्या डेबियन 13मध्ये तर 32-बिट पीसीसाठी कर्नलही नाही, इन्स्टॉलरही नाही. घरात जुनं यंत्र पडलं असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याच्या प्रोसेसरची ओळख सांगणारी सीपीयूइन्फो फाइल एकदा वाचा.