मुक्कामाचा पाहुणा

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. डास व हिवताप इथे अपरिचित नाहीत. पण हिवतापाचे कर्करोगाशी नाते असू शकते, असे कोणी म्हटले तर?

१९५८ साली डेनिस बर्किट या शल्यवैद्याने युगांडातील मुलांच्या जबड्यांतील गाठींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६४ साली एपस्टाइन, अचाँग व बार यांना त्या गाठींच्या पेशींत एक विषाणू आढळला. नवल असे की, हा पाहुणा शंभरांतील नव्वदांहून अधिक प्रौढांच्या ‘बी’ पेशींत जन्मभर मुक्कामाला असतो! तरी बहुतेकांना काही होत नाही; कारण ‘टी’ नावाच्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर अहोरात्र पहारा ठेवतात. आफ्रिकेतील मुलांत वारंवारच्या हिवतापाने हा पहारा ढिला पडतो व गाठीला वाव मिळतो.

याच पहारेकऱ्यांना आता औषध म्हणून वापरतात. मुंबईच्या आयआयटीत व टाटा रुग्णालयात विकसित झालेल्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांना बी पेशींची खूण पटवून परत सोडतात. इतर उपचार थकले, तर काही रुग्णांना हा आधार!

तेव्हा मानेतली वा काखेतली गाठ दुखत नसली, तरी आठवडे उलटूनही ओसरत नसेल तर लेप लावीत बसू नये, डॉक्टरांना दाखवावी.