स्क्वेअर पियानोची दुरुस्ती : एक पाठचिकित्सा

स्क्वेअर पियानो नावाने चौरस, पण आकाराने आयताकृती. योहान्नेस झुंपे याने १७६६ मध्ये लंडन येथे घडविलेली अशी वाद्ये आजही उपलब्ध आहेत. एकोणिसाव्या शतकात बंगळूरच्या लष्करी छावणीतील युरोपीय घरांतही पियानो रुळला.

अशा जुन्या वाद्याची परीक्षा ही हस्तलिखिताच्या परीक्षेहून फारशी निराळी नाही. दर्शनी नामफलक मागाहून बसविलेला असू शकतो. म्हणून पट्ट्यांवरील शाईचे आकडे व आतील क्रमांक पडताळावे लागतात. बंगळूरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसते, पावसाळ्यात फुगते. परिणामी नादफलकाला भेगा पडतात आणि सरसाचे सांधे सुटतात. तारांच्या ओढीने पेटीला पीळ पडला आहे काय, हे सर्वांआधी पाहणे अगत्याचे असते.

खरा पेच दुरुस्तीचा आहे. मूळच्या मृदू लोखंडी तारांऐवजी आधुनिक पोलादी तारा लावून वाद्य आजच्या ४४० हर्ट्‌झच्या पट्टीत चढविले, तर लाकडी सांगाडा वाकण्याचे भय असते. हातोड्यांवरील कातडे काढून नमदा लावला, तर वाद्य वाजते. मात्र त्याचा मूळ नाद हरपतो.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत (१९१९-१९६६) प्रक्षिप्त मानलेले अंश टाकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत राखले. तोच न्याय येथेही लागू पडतो. काढलेली तार, जीर्ण कातडे, झिजलेली खुंटी ही खूण करून वाद्यासोबतच जपावीत. मूळ कोठे संपते आणि दुरुस्ती कोठे सुरू होते, हे पुढील अभ्यासकास उमगले पाहिजे.